रॉ फाइलचे रंग दर शूटला चुकतात? नवं प्रोफाइल बनवण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा जपणाऱ्या फाइलमध्ये, काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर छान दिसतो. संगणकावर उघडला की क्षणभर तसाच दिसतो आणि मग डोळ्यांदेखत बदलतो. चेहरे तांबूस होतात, जांभळं कापड निळं पडतं, राखाडी भिंतीवर हिरवट झाक येते. स्लायडर इकडेतिकडे करून तो एक फोटो सावरता येतो, पण पुढच्या शूटला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग कोणीतरी कॅमेरा प्रोफाइल (सेन्सरच्या आकड्यांचे रंग कसे करायचे ते सांगणारी फाइल) बनवायला सांगतं, ते बनवलं जातं आणि तरीही रंग चुकतच राहतात.

फोटोतला रंग एका ठिकाणी ठरत नाही. दिव्याचा प्रकाश, सेन्सर, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची भरपाई), प्रोफाइल, टोन कर्व्ह (उजळपणा आणि काँट्रास्ट ठरवणारी वक्ररेषा), मॉनिटर आणि शेवटी एक्स्पोर्ट, यांतल्या कुठल्याही टप्प्यावर तो बिघडू शकतो. एका टप्प्यावरची चूक दुसऱ्या टप्प्यावर दुरुस्त केली की ती त्या फोटोपुरती झाकली जाते आणि प्रकाश बदलला की पुन्हा वर येते. म्हणून स्लायडरला हात लावण्याआधी दोष कुठल्या टप्प्यावर आहे ते पक्कं करा. प्रोफाइलवर संशय बऱ्याच उशिरा घ्यायचा.

फाइल चुकतेय की पडदा?

ग्रे कार्डाचा, म्हणजे तटस्थ राखाडी कार्डाचा, एक रॉ फोटो काढा. व्हाइट बॅलन्सच्या ड्रॉपरने कार्डावर क्लिक करा आणि लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे वाचा. लाइटरूममध्ये ते टक्क्यांत दिसतात, फोटोशॉपमध्ये ० ते २५५. तिन्ही जवळजवळ सारखे असूनही कार्ड गुलाबी किंवा पिवळट दिसत असेल, तर फाइल ठीक आहे आणि पडदा चुकतोय. अशा वेळी प्रोफाइलशी खेळण्यात अर्थ नाही.

पडद्याचं कॅलिब्रेशन यंत्रानेच करा, नजरेने करू नका. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, गॅमा २.२, उजळपणा १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर. नाइट लाइट, ट्रू टोन, आपोआप बदलणारा ब्राइटनेस आणि डायनॅमिक काँट्रास्ट आधी बंद करा. यातलं एकही चालू राहिलं तर कॅलिब्रेशन वाया जातं. कॅलिब्रेशननंतर एखाद्या व्ह्यूअरमध्ये पांढरा रंग पिवळा किंवा सावल्या विचित्र दिसू लागल्या, तर त्या प्रोग्रॅमला मॉनिटर प्रोफाइलचा प्रकार झेपत नसण्याची शक्यता मोठी. तेच प्रोफाइल आवृत्ती २ आणि मॅट्रिक्स प्रकारात पुन्हा बनवा.

उघडताच बदलणारा रंग

पहिल्या क्षणी दिसतं ते रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने स्वतः ठेवलेलं छोटं जेपेग. त्यात कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल लागलेली असते. नंतर सॉफ्टवेअर मूळ डेटा स्वतःच्या प्रोफाइलने उलगडतं आणि रंग बदलतात. लाइटरूम आणि कॅमेरा रॉमध्ये २०१८पासून हे प्रोफाइल ॲडोबी कलर असतं. त्याआधी ॲडोबी स्टँडर्ड असायचं. कॅमेऱ्यासारखे रंग हवे असतील तर प्रोफाइल ब्राउझरमधल्या कॅमेरा मॅचिंग गटातलं प्रोफाइल निवडा आणि प्रेफरन्सेसमधल्या प्रीसेट्स टॅबवर रॉ डिफॉल्ट 'कॅमेरा सेटिंग्ज' करून टाका. म्हणजे दर शूटला हा प्रश्न उभा राहणार नाही.

पण कॅमेऱ्याचं जेपेग म्हणजे खरा रंग, असं धरून चालू नका. उत्पादक त्वचा उजळ, आकाश गडद, हिरवा ताजा दिसेल असं मुद्दाम करतात. डोळ्यांना सुखावणारा रंग आणि मोजणीत बरोबर येणारा रंग ही दोन वेगळी उद्दिष्टं आहेत. चित्रांच्या प्रतिकृती, कापडाचे नमुने, कॅटलॉग यांना दुसरं लागतं. पोर्ट्रेटला बहुतेकदा पहिलं. कुठल्या उद्दिष्टासाठी काम चाललंय हे न ठरवल्यामुळे जितका वेळ वाया जातो तितका कुठल्याही तांत्रिक दोषामुळे जात नाही.

व्हाइट बॅलन्स

कॅमेऱ्यात ५२०० केल्विन ठेवलं होतं, मग सॉफ्टवेअर ४९०० का दाखवतं? रॉ फाइलमध्ये कामाचे असतात ते गुणक: लाल आणि निळा चॅनल हिरव्याच्या तुलनेत किती पटीने वाढवायचा. त्या गुणकांवरून केल्विन आणि टिंट काढताना सॉफ्टवेअर प्रोफाइलमधला मॅट्रिक्स (रंगांच्या रूपांतराच्या आकड्यांचा संच) वापरतं. मॅट्रिक्स वेगळा, की आकडाही वेगळा. त्यामुळे एका कॅमेऱ्याचा केल्विनचा आकडा दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फाइलवर चिकटवून दोघांचे रंग कधीच जुळणार नाहीत. प्रत्येक कॅमेऱ्याने त्याच प्रकाशात स्वतंत्र ग्रे कार्ड टिपायचं आणि प्रत्येकावर स्वतंत्र क्लिक करायचं. एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे असले तरी हेच करा.

ग्रे कार्डाऐवजी पांढरा कागद किंवा पांढरा शर्ट वापरू नका. कागदात आणि धुण्याच्या पावडरीत ब्राइटनर असतं. ते अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतं, त्यामुळे उन्हात किंवा फ्लॅशखाली कागद निळसर वाचला जातो आणि त्यावर क्लिक केलं की सगळा फोटो पिवळा पडतो. एलईडीमध्ये अतिनील जवळजवळ नसतं, म्हणून तिथे तोच कागद वेगळं वागतो. कार्ड नेमकं १८ टक्क्यांचं असण्याची इथे गरज नाही. ते सर्व तरंगलांबींना सारखंच परावर्तित करणारं असलं की झालं.

एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूने पिवळा बल्ब असेल तर कुठलाही एक व्हाइट बॅलन्स पुरा पडत नाही. बल्ब विझवा किंवा फ्लॅशला त्याच रंगाचं जेल (पारदर्शक रंगीत पापुद्रा) लावा. तेही जमत नसेल तर मास्क लावून दोन भाग वेगवेगळे सुधारा.

दिव्यातच रंग नसेल तर

चेहरा फिका, किंचित हिरवट; लाल कापड विटकरी; टिंट कितीही सरकवला तरी त्वचा आणि पार्श्वभूमी एकाच वेळी बरोबर येत नाहीत. असं दिसलं की दिव्याकडे बघा. खोक्यावर छापलेला सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ८ फिक्या रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल, म्हणजे आर९, त्या सरासरीत धरलेलाच नसतो. त्यामुळे सीआरआय ८०च्या पुढे असलेल्या दिव्याचा आर९ शून्याच्या आसपास किंवा उणे असू शकतो. दिव्यातून लाल तरंगलांबी निघालीच नाही तर सेन्सरपर्यंत पोहोचणार काय? हे प्रोफाइल भरून काढू शकत नाही. रंगाचं काम असेल तर सीआरआय ९५ किंवा वर आणि आर९ ९०च्या आसपास असलेला दिवा घ्या, नाहीतर फ्लॅश वापरा.

एकामागून एक घेतलेल्या फ्रेम्समध्ये झाक बदलत असेल किंवा आडवे पट्टे येत असतील तर तो फ्लिकर आहे. ५० हर्ट्‌झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, ६० हर्ट्‌झवर १२० वेळा. शटर पहिल्या ठिकाणी १/१०० किंवा १/५०, दुसऱ्या ठिकाणी १/१२० किंवा १/६० ठेवा आणि इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा. डिम केलेल्या एलईडीचं लुकलुकणं याहून बरंच वेगवान असतं. तो पूर्ण उजेडावर चालवून बघा.

लाल फूल सपाट का होतं

एक्स्पोजरच्या सर्वसाधारण हिस्टोग्रामवर सगळं ठीक दिसतं, पण लाल चॅनल एकटाच उडालेला, म्हणजे मर्यादेपर्यंत भरून गेलेला, असतो. पाकळीवरच्या शिरा जातात आणि लालाचा नारिंगी किंवा गुलाबी डाग उरतो. कॅमेऱ्यात तिन्ही चॅनलचे वेगळे हिस्टोग्राम चालू करा. ते जेपेगवरून बनतात, म्हणून पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवा म्हणजे ते रॉच्या जरा जवळ येतील. गडद लाल-पिवळ्या विषयांना २/३ ते १ स्टॉप कमी एक्स्पोजर द्या (१ स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा).

काढून झालेल्या फोटोची परीक्षा अशी: एक्स्पोजर स्लायडर दीड-दोन स्टॉप खाली ओढा. पाकळीचा पोत परत आला तर डेटा शाबूत आहे आणि तो टोन कर्व्हमध्ये किंवा एसआरजीबीच्या (पडद्यांच्या आणि वेबच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या) मर्यादेबाहेर गेल्यामुळे हरवत होता. अशा वेळी कॅमेरा न्यूट्रलसारखं सौम्य प्रोफाइल लावा आणि सॅच्युरेशन कमी करा. पोत आला नाही तर चॅनल सेन्सरवरच भरला होता. मग काही करता येत नाही. रंगमंचावरच्या निळ्या एलईडीखाली चेहऱ्यावर येणारे कडक निळे-जांभळे डाग याच कुळातले. तिथेही सौम्य प्रोफाइल आणि कॅलिब्रेशन पॅनलमध्ये ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन खाली आणणं बऱ्यापैकी उपयोगी पडतं.

आता प्रोफाइल

इथवर सगळं तपासूनही प्रत्येक प्रकाशात तेच दोन-तीन रंग त्याच दिशेने सरकत असतील, तर प्रोफाइलवर संशय घ्यायला हरकत नाही. डीसीपी, म्हणजे ॲडोबीच्या प्रकारच्या, प्रोफाइलमध्ये मुख्यतः सेन्सरच्या आकड्यांचा रंगात अनुवाद करणारे मॅट्रिक्स असतात, बहुतेकदा दोन प्रकाशांसाठी: स्टँडर्ड इल्युमिनंट ए, म्हणजे २८५६ केल्विन, आणि डी६५, म्हणजे सुमारे ६५०० केल्विन. मधल्या प्रकाशासाठी सॉफ्टवेअर या दोघांमधली किंमत काढतं. त्यावर छटा आणि सॅच्युरेशनच्या बारीक दुरुस्त्यांचा तक्ता, दिसण्यासाठीचा लुक टेबल आणि टोन कर्व्ह येतात. कॅप्चर वनला डीसीपी चालत नाही. त्याला आयसीसी प्रोफाइल लागतं. त्यासाठी कर्व्ह 'लिनियर रिस्पॉन्स' ठेवून आणि 'एम्बेड कॅमेरा प्रोफाइल' निवडून चार्टाची (रंगीत चौकटींच्या तक्त्याची) १६ बिट टिफ काढावी लागते.

घरी बनवलेली बहुतेक प्रोफाइल सॉफ्टवेअरमुळे फसत नाहीत, चार्टाच्या फोटोमुळे फसतात. २४ पॅचचा (रंगचौकटींचा) कलर चेकर चार्ट घ्या आणि असं करा:

१. चार्ट फ्रेमच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात, कॅमेरा त्याला काटकोनात, ॲपर्चर एफ ५.६ ते एफ ८, आयएसओ सर्वांत कमी.

२. प्रकाश ४५ अंशांवरून. आजूबाजूला गवत, रंगीत भिंत, झगझगीत कपडे नकोत. त्यांचा परावर्तित रंग चार्टावर पडतो. काळे किंवा राखाडी कपडे घाला आणि चार्टामागे काळं कापड लावा.

३. चार्ट काढून त्याच जागी एकसारखा पांढरा फलक ठेवून एक फोटो घ्या. फलक २००च्या आसपास वाचला जात असेल तर चार कोपऱ्यांत ५-६ पेक्षा जास्त फरक नको. जास्त असेल तर दिवा लांब न्या.

४. एक्स्पोजर असं की पांढऱ्या पॅचचा एकही चॅनल उडणार नाही. शंका असेल तर अर्ध्या-अर्ध्या स्टॉपच्या अंतराने ३ फोटो घ्या.

५. दुहेरी प्रोफाइल हवं असेल तर हाच सगळा उद्योग एकदा दिवसाच्या उजेडात आणि एकदा डिम न केलेल्या हॅलोजनखाली.

६. ॲडोबी डीएनजी कन्व्हर्टरने फाइल डीएनजीमध्ये (ॲडोबीच्या रॉ प्रकारात) बदला आणि कॅलिब्राइटचं सॉफ्टवेअर, ॲडोबीचा डीएनजी प्रोफाइल एडिटर किंवा डीकॅमप्रॉफ यांपैकी एकात टाका.

चकाकी हा यातला लपलेला शत्रू. चार्टाचा पृष्ठभाग मॅट दिसला तरी चुकीच्या कोनात तो थोडा प्रकाश थेट लेन्सकडे फेकतो. गडद पॅच फिके होतात आणि प्रोफाइल ती फिकटाई 'सुधारायला' जाऊन गडद रंग अतिरंजित करतं. पकडायची युक्ती अशी: पांढरा पॅच सुमारे ९० टक्के प्रकाश परत फेकतो, काळा सुमारे ३ टक्के. म्हणजे दोघांत जवळजवळ ५ स्टॉपचं अंतर हवं. लिनियर (टोन कर्व्ह न लावलेल्या) डेटात ते ४ स्टॉपच भरलं तर चकाकी आहे; फोटो पुन्हा काढा. संदर्भ आकडेही तुमच्या चार्टाचेच हवेत. नोव्हेंबर २०१४ पासून बनलेल्या कलर चेकरांचे रंग थोडे बदललेले आहेत, त्यामुळे नव्या चार्टाला जुने आकडे लावले तर ती चूक थेट प्रोफाइलमध्ये उतरते.

तयार झालेलं प्रोफाइल यादीत दिसतच नसेल तर दोन गोष्टी बघा. ते योग्य फोल्डरमध्ये आहे का: विंडोजवर ॲपडेटा, रोमिंग, ॲडोबी, कॅमेरा रॉ, कॅमेरा प्रोफाइल्स या क्रमाने आत जा, मॅकवर युजरच्या लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमधून तसंच. आणि ते त्याच मॉडेलचं आहे का. डीसीपीमध्ये मॉडेलचं नाव लिहिलेलं असतं आणि दुसऱ्या मॉडेलच्या फाइलला ते दाखवलंच जात नाही. त्यानंतर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

डेल्टा ई कमी, तरी फोटो वाईट

ही तक्रार सगळ्यांत चिवट. सॉफ्टवेअर सांगतं सरासरी डेल्टा ई (खऱ्या आणि मिळालेल्या रंगातला फरक) १.५, आणि खऱ्या फोटोत त्वचेवर डाग, आकाशात पायऱ्या. २४ पॅचवर तक्ता घट्ट बसवला की ते २४ बरोबर येतात आणि मधल्या रंगांची ओढाताण होते. ज्या पॅचवरून प्रोफाइल बनलं त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेणं म्हणजे काहीच न तपासणं. दुसरा चार्ट, नाहीतर रोज ज्या वस्तूंचं काम करता त्या वस्तू वापरा. डागाळणारं प्रोफाइल असेल तर फक्त मॅट्रिक्सचं बनवून बघा. त्याचा डेल्टा ई थोडा वाढेल, पण रंगांचे उतार गुळगुळीत राहतील. सर्वसाधारण फोटोग्राफीला आमची पसंती मॅट्रिक्सला, किंवा अगदी हलक्या हाताने लावलेल्या तक्त्याला आहे.

दुसरं कारण टोन कर्व्ह. प्रोफाइल जुळवलं जातं लिनियर डेटावर, मग त्यावर काँट्रास्टचा एस आकाराचा कर्व्ह बसतो. तो कर्व्ह लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांवर चालत असल्याने रंग आपोआप गडद होतात आणि छटाही थोड्या हलतात. प्रतिकृतीचं काम असेल तर डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये बेस टोन कर्व्ह लिनियर करा. फोटो काळपट आणि सपाट दिसेल, तसाच दिसायला हवा. मग पांढरा पॅच एसआरजीबीमध्ये २४३च्या आसपास येईपर्यंत एक्स्पोजर वाढवा आणि बाकीचे राखाडी पॅच तपासा: साधारण २००, १६०, १२२, ८५ आणि काळा ५२. हे आकडे जुळले की मगच रंगीत पॅचकडे बघायचं. या कामात 'डेल्टा ई २०००' या सूत्राने काढलेली सरासरी २च्या खाली आली तर समाधान मानायला हरकत नाही.

जे कुठलंच प्रोफाइल सुधारणार नाही

सेन्सरचे फिल्टर माणसाच्या डोळ्यासारखे नसतात. ते डोळ्याच्या संवेदनशीलतेशी साध्या मॅट्रिक्सने जोडले जावेत, या अटीला ल्यूथर अट म्हणतात आणि बाजारातले कॅमेरे ती पूर्णपणे पाळत नाहीत. म्हणून डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसणारी दोन कापडं कॅमेऱ्याला वेगळी दिसू शकतात, आणि उलटही. त्या दोघांना एकाच वेळी बरोबर करणारं प्रोफाइल अस्तित्वात असू शकत नाही.

निळी-जांभळी फुलं हे याचं नेहमीचं उदाहरण. यांतल्या अनेक पाकळ्या ७०० नॅनोमीटरच्या आसपास आणि पुढे भरपूर प्रकाश परत फेकतात. डोळ्याला तो जवळजवळ दिसत नाही. फिल्मला दिसायचा, म्हणून फिल्मवर ही फुलं गुलाबी यायची; एजराटमच्या फुलावरून त्याला एजराटम परिणाम असं नावच पडलं. डिजिटल सेन्सरवर अवरक्त (इन्फ्रारेड) गाळणारा फिल्टर असतो आणि तो लालाचा टोकाचा भागही थोडा कापतो, त्यामुळे इथे फुलं बहुतेकदा निळ्याकडे झुकतात. उपाय एकच: लाइटरूमच्या पॉइंट कलरने किंवा मास्कने तेवढाच रंग निवडून छटा सरकवा, खऱ्या फुलाशी ताडून.

काळा सिंथेटिक कोट हॅलोजनखाली तपकिरी-लालसर दिसतो आणि शेजारची सुती काळी पँट काळीच राहते, तेव्हा कारण उलटं आहे. कृत्रिम धाग्याचा काळा रंग अवरक्त शोषत नाही, हॅलोजनमध्ये अवरक्त भरपूर असतं आणि सेन्सरवरच्या फिल्टरमधून थोडं झिरपतं. लेन्सवर गडद एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर असेल तर दोष आणखी वाढतो, कारण तो दिसणारा प्रकाश अडवतो आणि अवरक्त जाऊ देतो. लेन्सपुढे अवरक्त अडवणारा फिल्टर लावा किंवा फ्लॅशवर या.

एक्स्पोर्ट आणि प्रिंट

फाइल लाइटरूममध्ये बरोबर आणि इतरत्र फिकी, मरगळलेली दिसत असेल तर ती बहुधा प्रोफोटो किंवा ॲडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्यांपैकी एकात निघालीय आणि समोरचा प्रोग्रॅम प्रोफाइल वाचत नाहीये. वेबसाठी एसआरजीबी, तेही प्रोफाइल जोडून. कॅमेऱ्याचं जेपेग ॲडोबी आरजीबीत आहे का ते फाइलच्या नावावरून कळतं. तसं असेल तर नावाची सुरुवात अंडरस्कोरने होते.

प्रिंटवर गुलाबी झाक आणि पडद्यावर सगळं ठीक, तर बहुतेक वेळा रंगाचं रूपांतर दोनदा होतंय: एकदा फोटोशॉपमध्ये, एकदा प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये. फोटोशॉपला रंग सांभाळू द्या, त्याच कागदाचं आणि त्याच शाईचं आयसीसी प्रोफाइल निवडा, ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा आणि ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार तोच ठेवा ज्यावर ते प्रोफाइल बनलंय.